रिकाम्या नळीतला निळा रंग

१२ ऑगस्ट

बाबा,

आधी खोटं निस्तरते, मग खुशाली.

तीन वर्षांपूर्वी एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा मी 'एका मेडिकल कॉलेजात' एवढंच म्हणाले होते. गेल्या महिन्यात ट्यूटरची नोकरी लागली तेव्हाही 'त्याच कॉलेजात' म्हणून पुढे सरकले. या शहरात तीन मेडिकल कॉलेजं आहेत. कुठलं, ते तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. ते तुमचंच कॉलेज आहे, बाबा. विभागही तोच, बायोकेमिस्ट्री. जिना चढून आलं की डावीकडे. नळ्या धुवायची मोरी अजून खिडकीखालीच आहे, आणि तिच्या कडेच्या फरशीचा उडालेला टवका अजून कुणी बसवलेला नाही.

हे वाचून तुम्ही पत्र खाली ठेवाल. ठेवा, पण नंतर परत उचला.

मी सात वर्षांची होते. एका दुपारी तुम्ही वेळेआधी घरी आलात. डबा न उघडता परत आणला होता. आईला म्हणालात, "त्या बाईनं सगळ्यांदेखत मला मान खाली घालायला लावली. उद्यापासून जाणार नाही." त्यापुढे आजवर तुम्ही एक अक्षर बोललेला नाहीत. आपण गाव बदललं, तुम्ही किल्ल्यांची टपरी टाकलीत, आणि 'त्या बाई' हा आपल्या घरातला बागुलबुवा झाला. मी अभ्यास टाळला की आई म्हणायची, "नको शिकूस. मग अशीच एखादी बाई तुलाही बोलेल."

खरं सांगायचं तर मी इथे भांडायला आले होते. दुसरीकडेही प्रवेश मिळत होता. पण डिग्री घ्यायची आणि शेवटच्या दिवशी त्यांच्यासमोर उभं राहून मी कुणाची मुलगी ते सांगायचं, हे नाटक मी मनात पाठ करून ठेवलं होतं. ते काही झालं नाही. मध्येच मला त्या आवडायला लागल्या.

मी कोण, हे इथे कुणालाच माहीत नाही. तुम्हाला सगळे 'मामा' म्हणायचे, त्यामुळे तुमचं खरं नाव कुणाच्या लक्षात असेल असं वाटत नाही. तरी हजेरीवर सही करताना मी मधल्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर घालते. त्याची मला लाज वाटते, आणि ती वाटते हे तुम्हाला सांगायचं होतं.

तुमची
भिंगरी


३० ऑगस्ट

बाबा,

आई म्हणाली, पत्र तुम्ही दोनदा वाचलंत आणि कोऱ्या किल्ल्यांच्या डब्याखाली ठेवलंत. फाडलं नाहीत, तेव्हा पुढचं लिहायला हरकत नसावी. फोनवर मात्र तुमचं "हं, आईला देतो" याच्या पुढे जात नाही. म्हणून कागदच बरा. कागद मध्येच आईला देता येत नाही.

मॅडम कशा आहेत ते सांगते. तुम्ही पाहिल्या तेव्हा त्या चव्वेचाळीस वर्षांच्या असतील. आता बासष्टच्या आहेत. केस सगळे पांढरे, चाल तीच असावी, कारण मावशी म्हणतात, "ही बाई जिन्यात दिसली की जिनाच बाजूला होतो." मावशी म्हणजे तुमच्या जागेवर आलेल्या. मोरीवर राज्य त्यांचं.

मॅडमना विद्यार्थ्यांची नावं लक्षात राहत नाहीत. पहिल्या वर्षी मुलं स्वतःचंच रक्त तपासतात ना, ते आकडे मात्र लक्षात राहतात. मला अजून कधीकधी कॉरिडॉरमध्ये थांबवतात. "तू ती ना, हिमोग्लोबिन नऊ पॉइंट दोन? गोळ्या घेतेस का?" मागे मेडिसिनचे विभागप्रमुख आले होते, चांगले टक्कल पडलेले गृहस्थ. मॅडम त्यांना म्हणाल्या, "काय रे, कोलेस्टेरॉल उतरलं का?" ते उठून उभे राहिले आणि खरोखर खालच्या आवाजात म्हणाले, "थोडं उतरलंय, मॅडम."

त्या नोकरीला लागल्या तेव्हा हा विषय म्हणजे पाठ करायचा, पेपरात ओतायचा आणि विसरायचा, असा होता. त्यांनी दर गुरुवारी पहिल्या वर्षाच्या मुलांना वॉर्डात न्यायला सुरुवात केली. ज्या रुग्णाचं रक्त सकाळी तपासलं, त्याच्या खाटेशी जाऊन उभं राहायचं. त्याला विचारायचं काही नाही, नुसतं कसे आहात म्हणायचं. वरिष्ठांनी खूप टिंगल केली म्हणे. आता तो अभ्यासक्रमाचा भाग झालाय आणि टिंगल करणाऱ्यांपैकी एकाने त्यावर भाषणही दिलं. मॅडमनी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

तोंडी परीक्षेत मुलं थरथरत असतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "सकाळी काही खाल्लंस का?" मूल हो म्हणालं की, "मग आत्ता या क्षणी ते कुठे आहे आणि त्याचं काय चाललंय, सांग." मूल बोलायला लागतं आणि आपण परीक्षा देतोय हे विसरतं. नाही म्हणालं, तर आधी बिस्किटाचा पुडा पुढे करतात, मग विचारतात, "उपाशी होतास तेव्हा शरीर काय जाळत होतं?" सुटका नाही, पण भीतीही नाही.

आता तुमच्याबद्दलचं. माझ्या पहिल्याच महिन्यात त्या एन्झाइम शिकवत होत्या. एन्झाइम म्हणजे कुलूप, आणि ज्यावर ते काम करतं तो पदार्थ म्हणजे किल्ली, असं पुस्तकात असतं. त्यांनी विचारलं, "बरोबर वाटतं का हे?" सगळे हो म्हणाले. मी म्हणाले, "नवी किल्ली कुलपात नीट बसत नाही मॅडम. थोडी घासावी लागते, थोडी हलवावी लागते. कुलूपही जुनं असलं तर जरा जागा देतं. मग दोघं एकमेकांना बसतात." वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे शोधायला शास्त्रज्ञांना साठ-सत्तर वर्षं लागली. तुला कुणी शिकवलं?"

मी म्हणाले, "घरी."

बाबा, मला तेव्हाच म्हणायला हवं होतं, वडिलांनी.

भिंगरी


२१ सप्टेंबर

बाबा,

मॅडम तीस नोव्हेंबरला निवृत्त होतात. अठ्ठावीसला, शनिवारी दुपारी, मोठ्या हॉलमध्ये त्यांचं शेवटचं व्याख्यान आहे. त्याआधी त्यांच्या कामाचा परिचय वाचायचा असतो. तो लिहायचं काम माझ्याकडे आलं. "तुझं अक्षर चांगलं आहे," असं कारण विभागप्रमुखांनी दिलं. परिचय टाइप करायचा आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

तारखा लावताना एक खड्डा सापडला. चव्वेचाळीसाव्या वर्षी त्यांची प्राध्यापकपदासाठी निवड जवळजवळ झालेली होती. प्रत्यक्षात त्या प्राध्यापक झाल्या बावन्नाव्या वर्षी. मधली आठ वर्षं त्यांच्याहून धाकटा माणूस वरच्या खुर्चीत, आणि या त्याच्या हाताखाली. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "अगं, ते साबणाचं. जुन्या फायली बघ."

फाईल कपाटाच्या तळाशी होती. मी ती जमिनीवर बसून वाचली.

त्यांचा अभ्यास हाडं मऊ पडलेल्या मुलांवर होता. अशा मुलांच्या रक्तात फॉस्फेट किती आहे ते मोजायचं. रक्तात दोन रसायनं घातली की फॉस्फेट असेल तेवढा निळा रंग येतो. सोबत एक नळी नुसत्या पाण्याची असते, तिला ब्लँक म्हणतात. तिच्यात काहीच नसतं, म्हणून ती पाण्यासारखीच राहायला हवी. मॅडम ब्लँकची नळी स्वतःच्या खणात वेगळी ठेवायच्या, स्वतःच धुवायच्या, कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. सात महिने ती स्वच्छ राहिली आणि सात महिने सगळं ठीक दिसलं. शोधनिबंध छापून आला. एक दिवस ती नळी फुटली. त्यांनी मोरीवरच्या स्टँडमधली दुसरी घेतली, पाणी घातलं, रसायनं घातली. रिकामी नळी निळी झाली.

नळ्या ज्या साबणाच्या पावडरीनं धुतल्या जात होत्या, तिच्यातच फॉस्फेट होतं. एखाद्या नळीला जास्त चिकटलेलं, एखाद्या नळीला कमी. सात महिन्यांचे सगळे आकडे खोटे. ज्या मुलांचं फॉस्फेट खूप खाली होतं, त्यांचंही बरं दिसत होतं.

मॅडमनी निबंध मागे घेतला. ते मागे घेतल्याचं पत्र फाईलमध्ये आहे. इंग्रजीत आहे, मी मराठीत उतरवते. "नळ्या ॲसिडऐवजी पावडरीने धुण्याचा निर्णय माझा होता. ॲसिडने कर्मचाऱ्याचे हात भाजत होते म्हणून ती पावडर मी माझ्या घरून आणून दिली. ती तपासून पाहणे माझे काम होते. ते मी केले नाही. नळ्या धुणाऱ्या कर्मचाऱ्याचा यात कोणताही दोष नाही." खाली सही आणि तारीख. तुम्ही डबा न उघडता घरी आलात, त्याच्या दुसऱ्या दिवसाची. ती तारीख आईनं जुन्या कॅलेंडरवर खूण करून ठेवली होती, म्हणून मला माहीत आहे.

फाईलमध्ये आणखी एक यादी आहे. त्या सगळ्या मुलांना त्यांनी घरोघरी जाऊन परत बोलावलं आणि रक्त पुन्हा तपासलं. एकशेबारा नावं आहेत, आणि प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण.

बाबा, पावडर त्यांनी आणून दिली होती हे तुम्हाला तर माहीत होतं. मग तुम्ही सगळ्यांसमोर तसं म्हणाला का नाहीत? आणि या पत्राबद्दल तुम्हाला कधीच कुणी सांगितलं नाही का?

भिंगरी


९ ऑक्टोबर

बाबा,

तुमचं उत्तर आईनं फोनवर वाचून दाखवल्यासारखं सांगितलं. "कागदावर काय, कुणीही लिहितं. तोंडानं बोलायचं होतं. तेव्हा." मागून तुमची कानस चालू होती, तीही ऐकली.

ते वाक्य घेऊन मी दोन दिवस फिरले. मग काल दुपारी मॅडमच्या खोलीत गेले. त्या पेपर तपासत होत्या. मी परिचयाचा कागद पुढे ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, यात एक जागा मला भरता येत नाही."

त्यांनी वाचलं. "साबणाचं लिहिलंयस की. बरोबर आहे. काढू नकोस."

"त्या दिवशी मोरीपाशी काय झालं, ते पत्रात नाही."

त्यांनी पेन ठेवलं. "तुला कुणी सांगितलं मोरीपाशी काही झालं म्हणून?"

"घरी," मी म्हणाले. आणि मग जे तीन वर्षांपूर्वी म्हणायचं होतं ते म्हणाले. "मामा माझे वडील आहेत."

बाबा, माझ्या पाठ केलेल्या नाटकात त्या इथे घाबरायच्या. प्रत्यक्षात त्या उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या आणि मला म्हणाल्या, "हात कसे आहेत त्यांचे?"

मी म्हणाले, डाग आहेत, पण बारीक काम करतात. किल्ल्या बनवतात. कुलपाच्या किल्लीचं उत्तर त्यांचंच होतं.

मग त्यांनी सांगितलं. तुम्हाला माहीतच आहे, पण त्यांच्या तोंडून आलेलं तसंच लिहिते. "विभागप्रमुख होते, चार लेक्चरर होते, माझी निवड आठवड्यावर आलेली होती. मी निळी नळी हातात धरून विचारलं, 'मामा, कशानं धुतली?' ते म्हणाले, 'पावडरीनं.' प्रमुख ओरडले, 'कुणाला विचारून?' मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मला फक्त 'मला' एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं. मी म्हणाले नाही. ते वाट बघत होते, बरं का. खूप वेळ बघत होते. मग त्यांनी हात पुसले, फडक्याची घडी करून मोरीवर ठेवली आणि गेले."

"दुसऱ्या दिवशी तुम्ही लिहिलंत."

"लिहिलं. सगळं लिहिलं. आठ वर्षं मागे राहिले त्याचं मला काही वाटलं नाही. वाटायचंच तर उलट हलकं वाटायचं. पण ज्यांना सांगायचं होतं ते दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. पत्त्यावर माणूस पाठवला, तर घर रिकामं. त्यानंतर मी शोधायला हवं होतं. एकशेबारा मुलं मी शोधून काढली, आणि एक माणूस शोधला नाही. तुझ्या परिचयात तो खड्डा तसाच राहू दे."

मला त्यांच्यावर रागवायचं होतं. जमलं नाही. इतक्या मोठ्या माणसाला आपण किती लहान झालो ते इतक्या सरळ सांगताना मी कधी पाहिलं नव्हतं. आणि बाबा, मला तुमचाही तितकाच अभिमान वाटला. एक शब्द बोलून तुम्ही सुटला असता. तो शब्द त्यांनीच बोलावा म्हणून तुम्ही थांबलात.

त्या विचारतात, तुमच्याकडे येऊ का.

भिंगरी


३ नोव्हेंबर

बाबा,

"टपरीवर उगाच कुणी बाया येऊन उभ्या राहिलेल्या मला चालणार नाहीत," हा तुमचा निरोप मी मॅडमना जसाच्या तसा दिला. त्या म्हणाल्या, "बरोबर बोलले. जिथे गप्प बसले तिथेच बोलायला हवं. त्यांच्या दारात जाऊन बोलणं सोपं आहे, तिथे विभागप्रमुख नसतात."

अठ्ठावीसला दुपारी तीन वाजता. मागच्या रांगेत दाराजवळची एक खुर्ची मी राखून ठेवणार आहे. तिच्यावर माझी पर्स असेल, ती उचलायची आणि बसायचं. कुणी तुम्हाला स्टेजवर बोलावणार नाही, हे मी मॅडमकडून कबूल करून घेतलंय. तुम्ही आला नाहीत तर मी रुसणार नाही. रुसले तरी पत्र लिहीन.

आईनं विचारलं, ही नोकरी आता सोडणार का. नाही सोडणार. गुरुवारी मुलांना वॉर्डात मी नेते.

भिंगरी


२९ नोव्हेंबर

बाबा,

काल तुम्ही आला नाहीत, असं समजून मी साडेपाचपर्यंत चेहरा सरळ ठेवला होता. खुर्चीवर पर्स होती तशीच होती. तेव्हा तुम्हाला माहीत नाही ते आधी सांगते, आणि मला काय माहीत आहे ते नंतर.

हॉल भरला होता. पायऱ्यांवर मुलं बसली होती. आता डोकी पांढरी झालेले त्यांचे विद्यार्थी पहिल्या रांगांत होते, आणि सध्याचे विभागप्रमुखही. परिचय वाचून झाल्यावर मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हिने माझ्या यशाची यादी केली आहे. मी तुम्हाला एक ब्लँक शिकवते, म्हणजे ती यादी नीट वाचता येईल." मग तीच गोष्ट. फुटलेली नळी, निळा रंग, एकशेबारा मुलं. आणि शेवटी मोरी. "मामांना विचारलं गेलं, कुणाला विचारून पावडर वापरली. उत्तर होतं, मला. ते मी अठरा वर्षं उशिरा देते आहे. मला विचारून. पावडर मी दिली होती. पुढे तुमच्यापैकी प्रत्येकाच्या हातात कधीतरी अशी नळी येईल, आणि शेजारी तुमच्याहून लहान हुद्द्याचा माणूस उभा असेल. त्या वेळी दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. दुसऱ्या दिवशी तो माणूस येत नाही."

टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. मला ते बरं वाटलं.

चहापाण्याच्या गर्दीत मावशी मला शोधत आल्या. "तुझ्या त्या पाहुण्याला आवर घाल," म्हणाल्या. "कोण पाहुणा?" "मला काय ठाऊक. मागच्या दारात उभा होता, आत बसा म्हटलं तर नको म्हणाला. बाई साबणाचं बोलायला लागल्या तसा बाहेर पायरीवर जाऊन बसला. भाषण संपल्यावर मला म्हणतो, पाणी मिळेल का. मी वर नेला. पाणी बाजूलाच राहिलं, मोरीकडे बघत उभा. मग मला म्हणतो, तुम्ही नळ्या दोनदाच विसळता. मी म्हटलं, इथे पंधरा वर्षं मी काय झोपा काढते? तर बाह्या सरसावल्या आणि एक अख्खं स्टँड धुऊन काढलं. तीनदा नळाचं पाणी, तीनदा डिस्टिल्ड. खाली फडक्याची चौघडी घालून उपड्या लावल्या. जाताना म्हणाला, परिचय लिहिला त्या मुलीला सांगू नका. ज्या तऱ्हेनं म्हणाला, त्यावरून मला वाटलं, सांगावं."

मी वर धावले. तुम्ही गेला होता. मावशींपाठोपाठ मॅडमही माझ्यामागून आल्या. पायऱ्यांनी त्यांना दम लागला होता. त्यांनी मोरीवरचं स्टँड पाहिलं. फडक्याची ती घडी बोटानं जराशी दाबून पाहिली.

मग त्यांनी मधली एक नळी उचलली. माझ्याकडून डिस्टिल्ड पाणी मागितलं, ती दोन रसायनं मागितली. रेशमी साडी, गळ्यात हार तसाच, आणि पिपेट धरलेला हात स्थिर. रसायनं घालून नळी स्टँडमध्ये ठेवली आणि घड्याळ लावलं. दहा मिनिटं थांबावं लागतं. खाली लोक त्यांना शोधत होते, नावानं हाका मारत होते. आम्ही तिघी मोरीपाशी उभ्या होतो. मावशी म्हणाल्या, "काय बघताय एवढं? पाणीच आहे ते." मॅडम म्हणाल्या, "तेच बघतेय."

दहा मिनिटं झाली. त्यांनी नळी खिडकीच्या उजेडात धरली, मग पांढऱ्या कागदासमोर, मग माझ्या हातात दिली. बाबा, तिच्यात काहीच नव्हतं. निळ्याची पुसटशी छटासुद्धा नाही.

त्यांनी प्रयोगशाळेची नोंदवही ओढली आणि विभागातली त्यांची शेवटची नोंद केली. ब्लँक: शून्य. नळी धुणारे: मामा. तारीख, वेळ, सही. मग पेन माझ्यापुढे धरलं.

"तपासणारी म्हणून सही कर," त्या म्हणाल्या. "आद्याक्षर चालणार नाही. मधलं नाव पूर्ण लिही."

मी लिहिलं.

तुमची
भिंगरी